आंजीचा स्टोव्ह आणि माझं भाषण

वर्ध्याला निघताना मला फार आनंद झाला होता असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. बावन्नाव्या वर्षी, दुखरे गुडघे घेऊन, एवढा लांबचा रेल्वेप्रवास करून वीस मिनिटं बोलायला जायचं, यात हौस कमी आणि सवय जास्त असते. विषयही जुनाच होता. तेलाच्या आणि कोळशाच्या कंपन्यांना सरकार जे अनुदान देतं, ते बंद करावं की चालू ठेवावं? मी पुण्यात अर्थशास्त्र शिकवते आणि 'बंद करावं' या बाजूने गेली कित्येक वर्षं बोलते आहे. नाशिकला बोलले, कोल्हापूरला बोलले, एकदा दिल्लीतही जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईने बोलले. या काळात अनुदान काही जागचं हललं नाही, माझे केस तेवढे पिकले. तरी पत्र आलं की मी पिशवी भरते.

वर्धा

फेब्रुवारी संपत आला होता. पुण्याहून निघताना अंगावर घेतलेली शाल वर्धा स्टेशनवर पिशवीत कोंबावी लागली. न्यायला प्राध्यापक थूल आले होते. ते तिथल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात, वादसभा त्यांनीच भरवली होती. चाळिशीतला, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. माझी बॅग त्यांनी स्कूटरवर पायाशी उभी केली आणि मला म्हणाले, "धरून बसजा, मॅडम. इथले खड्डे माझ्यापेक्षा जुने आहेत."

कापसाचा हंगाम सरत आला होता, पण रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांमधून उडालेला कापूस अजून अडकलेला होता. आमच्यापुढे एक ऑटोरिक्षा निळसर धूर सोडत चालली होती आणि त्या धुराला रॉकेलचा वास होता. स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये, पेट्रोलमध्ये मिसळलं जातं, हा माझ्या भाषणातला तिसरा मुद्दा. तो असा नाकासमोर चालत असताना खरं तर मला उत्साह वाटायला हवा होता. मला फक्त खोकला आला आणि मी पदर नाकाला लावला.

पिपरी मेघे

थूल सरांचं घर पिपरी मेघेत, वर्धा शहराला लागून वाढत चाललेल्या वस्तीत. नवी घरं, अर्धे रस्ते, प्रत्येक गच्चीवर उद्याच्या मजल्याच्या सळया. सरांच्या पत्नी सुनंदाताई शाळेत शिकवतात. त्यांनी माझ्यासाठी वडा-भात करायला घेतला होता. भिजवलेल्या डाळी जाडसर वाटून त्यांचे वडे, ते भातावर कुस्करायचे आणि वर फोडणीचं गरम तेल सढळ हाताने ओतायचं. वडे अर्धे तळून झाले आणि सिलिंडर संपला.

आमच्या सोसायटीत असं झालं असतं तर यजमानीणबाई ओशाळल्या असत्या, चार वेळा माफी मागितली असती आणि शेवटी बाहेरून काहीतरी मागवलं असतं. सुनंदाताईंनी कढई दोन फडक्यांनी उचलली, पिठाचं पातेलं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "चला." आम्ही दोघी शेजारच्या घरात गेलो. शेजारणीने स्वतःची भाजी उतरवून ठेवली, आमची कढई चढवली आणि मी कोण, कुठली, मुलं किती, नवरा काय करतो, हे सगळं विचारून घेतलं. वडे तळून होईपर्यंत त्या घराला माझी साद्यंत माहिती झाली होती. निघताना सुनंदाताईंनी चार वडे तिथल्या ताटलीत ठेवले. आभारबिभार कोणी कोणाचे मानले नाहीत.

जेवताना मी सरांना विचारलं, "तुम्ही कोणत्या बाजूचे?"

"मी संयोजक आहे," ते म्हणाले. मग भात कालवता-कालवता म्हणाले, "तुमचं भाषण परवा आहे ना? उद्या आंजीला चला. माझी मोठी ताई असते तिथं. तुम्ही रॉकेलवर एवढं लिहिता, तर एकदा तिचा स्टोव्ह पाहून घ्या."

मला खरं तर दिवसभर झोपायचं होतं. पण पाहुण्याला नाही म्हणता येत नाही.

आंजी (मोठी)

एसटीच्या खिडकीतून काळी रानं दिसत होती. कापूस वेचून झालेल्या शेतांमध्ये वाळलेली झाडं उपटून ठेवलेली, त्यांचे ढीग बांधाबांधाला. इकडे त्यांना पऱ्हाट्या म्हणतात आणि वर्षभर चुलीत त्याच जळतात. मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा उभा. पुण्याहून आलेल्या माणसाला इतकं सपाट आभाळ पाहून सुरुवातीला बरं वाटतं, नंतर डोळे थकतात.

आंजी हे मोठं, शेतीवरचं गाव. एसटी थांबते त्याच्यासमोर टिनाच्या छपराखाली शांताबाईंचं दुकान. दुकान म्हणजे एक लाकडी बाक, एक टेबल आणि त्यावर पितळेचा पंपाचा स्टोव्ह, इतक्या जोरात घरघरणारा की बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागत होता. शांताबाई साठीच्या. नऊवारी खोचलेली, कपाळावर गोंदण, हातात झारा. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार.

"आली का वं? बस," त्या मला म्हणाल्या. भावाने ओळख करून द्यायच्या आधीच माझ्यापुढे पोह्यांची ताटली आली. पोह्यांवर चण्याची लाल तर्री, तिच्यावर बोटभर तेलाचा तवंग. आम्ही पोह्यांवर खोबरं आणि लिंबू घेऊन समाधानी असणारी माणसं. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शांताबाईंनी ते पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं.

थोड्या वेळाने शाळेची लेकरं आली. बारा-चौदा असतील. प्रत्येकाने आपली ताटली घेतली, खाऊन विसळून ठेवली आणि पाठीवर दप्तर टाकून निघून गेली. मी चौकशी केली तेव्हा शांताबाईंनी सगळं सांगितलं, काही म्हणता काही लपवलं नाही. भावाची पाहुणी, तिच्यापासून काय लपवायचं?

गोष्ट अशी होती. गावातल्या आठ घरांना रेशनकार्डावर रॉकेल मिळतं, पण त्यांना ते फारसं लागत नाही. कोणाकडे गोबरगॅस आहे, कोणाकडे पऱ्हाट्यांचा ढीग आहे, दिवे तर आता विजेचे. ती घरं आपलं कार्डाचं रॉकेल शांताबाईंच्या डब्यात ओततात. त्या घरांतल्या बायका दिवस उगवताच कामावर जातात, तेव्हा त्यांच्या लेकरांना शाळेआधी खाऊ घालणं शांताबाईंकडे. लिहून कोणीच काही ठेवत नाही. रेशन दुकानदार ढोलेंनाही हे ठाऊक होतं, ते स्वतः रोज सकाळी इथेच चहा प्यायचे.

"पण स्टोव्हच का?" मी विचारलं. "चूल परवडली असती ना? पऱ्हाट्या तर फुकट आहेत."

शांताबाईंनी झारा ठेवला आणि छातीवर हात ठेवला. "तीस वर्सं चुलीपाशी काढली न् बाई. मंग दम लागे. बोलताबोलता दम लागे. वर्ध्याच्या दवाखान्यात भावानं नेलं, तं डॉक्टर म्हने, मावशी, धुरापाशी बसली तं पुढच्या खेपेले मी काई करू नाई शकत. तवापासून थो स्टोव्ह. बाकी आवाज करते लेकाचा, पन धूर नाई."

घरगुती रॉकेल दुकानासाठी वापरणं नियमात बसत नाही. एकाचं कार्ड दुसऱ्याने वापरणंही बसत नाही. माझ्या तक्त्यांमध्ये याला 'गळती' म्हणतात. सरकार कंपन्यांना जी तूट भरून देतं, तिच्यातला मोठा भाग गळतीत जातो, हे मी कित्येक वर्षं सांगत आले होते. त्या गळतीने मला आत्ता दुसऱ्यांदा चहा विचारला. माझ्या स्वतःच्या घरी रेशनकार्ड कपाटात पडून असतं, पत्त्याचा पुरावा म्हणून, हेही मला तिथे बसल्या-बसल्या आठवलं.

परतताना मी सरांना म्हटलं, "बरं झालं आणलंत." ते खिडकीबाहेर पाहत हसले.

पुन्हा वर्धा

दुसऱ्या दिवशी निघताना सुनंदाताईंनी माझ्या पिशवीत भाकरी-ठेच्याचा गरम डबा घातला. तो नेमका भाषणाच्या पारदर्शक फिल्मांवर बसला. ज्यांनी ओव्हरहेड प्रोजेक्टर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, तेव्हा तक्ते अशा फिल्मांवर काढून भिंतीवर दाखवत असत. सभागृहात मी त्या बाहेर काढल्या, तर सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या आणि शाई इकडची तिकडे झालेली. तीन आठवड्यांचं काम गेलं. मला रडूच यायचं बाकी होतं.

माझ्याआधी विरुद्ध बाजूचे काळे साहेब बोलले. एका तेल कंपनीतून निवृत्त झालेले, वर्ध्याचेच. मी त्यांना मनातल्या मनात आधीच निकालात काढलं होतं, पण माणूस सरळ बोलला. म्हणाला, "अनुदान कंपनीच्या नावानं दिसते, हे मान्य. कंपनीत सुस्ती येते, हेही मान्य. पण थो पैसा शेवटी कोणाच्या तरी घरात जळते. तुम्ही वरून नळ बंद केला, तं पहिले तहानेनं कोण मरन? कंपनी मरत नसते." लोकांनी मान डोलावली.

मी उठले. हातात तक्ते नव्हते. मग मी आदल्या दिवशीचंच सांगायला लागले. म्हटलं, नळ मुळात फुटका आहे. सरकार पैसा कंपनीला देतं, कंपनी तेल दुकानाला देते, वाटेत निम्मं रिक्षांच्या टाकीत जातं, आणि ज्या बाईला खरोखर धुराविना स्वयंपाक हवा, तिला नियम मोडून, शेजारणींच्या मेहेरबानीवर ते मिळवावं लागतं. हाच पैसा कंपनीऐवजी सरळ तिच्या हाती दिला, गोबरगॅसला दिला, तर तिला कोणाचं कार्ड लागणार नाही. "आणि हे मी पुस्तकातलं सांगत नाही," मी म्हटलं. "आंजी मोठीला एसटी स्टँडसमोर शांताबाई नावाच्या एक बाई पोहे विकतात. आठ घरांचं रेशनचं रॉकेल त्यांच्या स्टोव्हमध्ये जळतं."

गाव, जागा, नाव, घरांची संख्या. मी वर्गात मुलांना नेहमी बजावत असते की उदाहरण दिलंत तर ठिकाण सांगा, नाहीतर ती अफवा. तीच सवय तोंडात होती. दुसरं काहीही कारण नव्हतं, आणि याहून चांगलं कारण मला आजही सापडलेलं नाही.

टाळ्या दणकून पडल्या. पुढच्या रांगेत पुरवठा खात्याचे एक अधिकारी पाहुणे म्हणून बसले होते, त्यांनीही वाजवल्या. मग खिशातून छोटी वही काढून त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, मुद्दा आवडला असावा. शेवटी हात वर करून मतं घेतली आणि अनुदान बंद करावं असा ठराव मोठ्या फरकाने पास झाला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच जिंकले होते.

चहाच्या वेळी काळे साहेब कप घेऊन माझ्याजवळ आले. "मॅडम, भाषण फक्कड झालं. पण बाईचं नाव काऊन घेतलं तुम्ही?"

मी कप टेबलावर ठेवला. मी थूल सरांना शोधलं. ते खुर्च्या उचलून भिंतीला लावत होते, एकटेच.

पिपरी मेघेपर्यंत ते स्कूटरवर खड्डे चुकवत राहिले. फाटकापाशी मी म्हटलं, "सर, माझं चुकलं." ते म्हणाले, "तुमचा हेतू चांगला होता, मॅडम." हे वाक्य मी मुलांना नापास करताना वापरते. मला इतकी लाज वाटली की सुनंदाताईंनी वाढलेली पाटवडी मी मान खाली घालून खाल्ली.

पुन्हा आंजी

सकाळीच आंजीहून फोन आला. स्टोव्ह बंद आहे, एवढंच सरांना कळलं. त्यांच्या कॉलेजात परीक्षा होती, मला दुपारची गाडी होती. मी म्हटलं, मी जाऊन येते. त्यांनी मला स्टँडवर सोडलं आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. ते उभे राहिले नसते तर बरं झालं असतं.

टिनाच्या छपराखाली शांतता होती. टेबलावर स्टोव्ह नव्हता, त्याच्या तीन पायांचे गोल डाग तेवढे लाकडावर दिसत होते. बाकावर एक तरुण बाई बसली होती. तिचं नाव कुंदा, आठ घरांपैकी एका घरची. परवाची पाहुणी मीच, हे तिने ओळखलं आणि आधी तोंड फिरवलं. मग स्वतःच बोलायला लागली.

"काल सांजच्याले ढोलेभाऊ आले. हात जोडून मावशीले म्हने, साहेबाचा फोन आलता, आंजीवर लक्ष हाय म्हने. आता ज्याचं कार्ड त्यानंच न्या, अन् आपल्याच घरात जाळा, नाई तं मायं दुकान जाईन. मंग आमी आपापलं तेल वापस नेलं, बाई. आमाले काय मालूम, कार्डच कापलं तं? आमी काई वाईट नाई वं."

"तुम्ही नाही," मी म्हटलं.

जीप आली नव्हती. कोणी झडती घेतली नव्हती, कोणाला दंड झाला नव्हता. त्या अधिकाऱ्याने रागावून काही केलं असंही नव्हतं. सभेत कानावर आलं, फोन केला, काम झालं. एवढं पुरलं. मी ज्यांना इतकी वर्षं जाब विचारत होते त्या कंपन्यांच्या अंगावरचा धागाही हलला नव्हता.

शांताबाई दुकानामागे होत्या. तीन दगडांची चूल मांडली होती आणि त्या उकिडव्या बसून पऱ्हाट्या मोडून आत सारत होत्या. पऱ्हाटी भुर्रकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, सारखी पुरवावी लागते. धूर छपराच्या कडेला अडकून परत खाली येत होता. कढईत पोहे होते. शाळेची लेकरं आजही यायचीच होती, त्यांना तेलाचं काय माहीत. तेल बंद झालं तरी नाश्ता बंद करायचं शांताबाईंच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"शांताबाई, मी..." मी सुरुवात केली.

"बस आधी." त्यांनी पाट सरकवला. खोकल्याची एक उबळ आली, ती त्यांनी हातातलं लाकूड न सोडता निभावली. मग डोळे पुसून मला विचारलं, "कोन जिंकलं वं काल?"

"आम्ही."

"म्हंजे कंपनीचं बंद होईन आता?"

"नाही. नुसता ठराव झाला. तो वर पाठवणार. तिथे तो पडून राहील."

त्यांनी आणखी एक पऱ्हाटी मोडून आत सारली. टोमणा मारण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं. "मंग," त्या म्हणाल्या, "बंद झाला तो माया स्टोव्हच का फक्त?"

कढईखालचा जाळ बसला आणि त्यांनी जमिनीवरची लोखंडी फुंकणी उचलली, पण एक श्वास घेतला आणि तो मध्येच तुटला. खांदे वर गेले, तोंड उघडं राहिलं, आवाज नाही. मी त्यांच्या हातातून फुंकणी काढून घेतली, त्यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि चुलीपुढे बसले. आयुष्यात पहिल्यांदाच. मी फुंकलं तर राख उडाली, जाळ काही होईना. दुसऱ्यांदा फुंकलं तर सगळा धूर माझ्याच तोंडात गेला.

बऱ्याच वेळाने शांताबाईंचा श्वास जागेवर आला. दुपारच्या गाडीला पोचवणारी एसटी निघून गेली होती. बाहेर लेकरांचा गलका ऐकू यायला लागला होता. त्या भिंतीला टेकूनच माझ्याकडे पाहत होत्या, आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "फुक, बाई. पन तोंड बाजूले घेजो. धूर छातीत जाते."